35 हजार रुमाल आणि रियासतकार सरदेसाई



सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिलाच पाठ 'इतिहासाची साधने' हा आहे. भौतिक साधने, लिखित साधने, मौखिक साधने. मुले तीन प्रकार पाठ करतात, पेपरात लिहितात, गुणही मिळवतात. मग आपण त्यांना 'माझ्या गावाचा इतिहास' असा प्रकल्प देतो. वह्या तपासायला घेतल्या की काय दिसतं? पहिल्या पानावर गावच्या देवळाचा फोटो, दुसऱ्या पानावर लोकसंख्या, तिसऱ्या पानावर यात्रेची माहिती. प्रकल्प संपला! लिखित साधन त्यात एकही नसते. कारण लिखित साधन म्हणजे ताम्रपट, शिलालेख, कुठल्यातरी संग्रहालयात काचेमागे ठेवलेली वस्तू, असे मुलांना वाटते. आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही थोडेफार तसेच वाटते.

गावाचा लिहिलेला इतिहास बहुतेक वेळा सरकारी कागदात असतो. कुणाची जमीन किती, पीक काय आले, सारा किती बसला, दुष्काळात किती सूट दिली, पाटीलकीवरून कोण कोणाशी भांडले, हे सगळे कुणीतरी सरकारसाठी लिहून ठेवलेले असते. लिहिणाऱ्याला इतिहास लिहायचा नव्हता, त्याला हिशेब द्यायचा होता. म्हणून तर तो कागद विश्वासाचा.

असे कागद उघडण्यासाठी ज्या माणसाने म्हातारपणाची चार-पाच वर्षे घातली, त्याची गोष्ट आज सांगायची आहे. गोविंद सखाराम सरदेसाई, म्हणजेच आपले रियासतकार. नाव सगळ्यांनी ऐकलेले असते. 'मराठी रियासत' शाळेच्या कपाटात कुठेतरी असतेही. पण त्यांनी सरकारी दप्तरात बसून जे काम केले, ते फार थोड्यांना माहीत आहे.

सरदेसाईंचा जन्म 17 मे 1865 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल या गावी झाला. घर साधे, शेतीवर चालणारे. आडनाव सरदेसाई असले तरी जुन्या वतनाचा डौल उरलेला नव्हता. शिक्षण रत्नागिरीला, मग पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. 1888 मध्ये ते बी.ए. झाले. त्या काळी कोकणातल्या मुलाने बी.ए. होणे म्हणजे घराला सुखाचे दिवस येण्याची आशा. पुढच्याच वर्षी त्यांना बडोद्याला नोकरी मिळाली. सयाजीराव गायकवाड महाराजांना पुस्तके वाचून दाखवायची, हे काम! अशा कामाला तिथे 'रीडर' म्हणत.

महाराजांना वाचनाची मोठी हौस होती. राज्यकारभार चालवायचा तर जगाचा इतिहास माहीत पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष. (याच महाराजांनी 1906 मध्ये बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हे आपण शिक्षकांनी विसरू नये.) सरदेसाई वाचत, समजावून सांगत. पुढे राजपुत्रांना शिकवण्याचे कामही त्यांच्याकडे आले. म्हणजे बघा, हा माणूस मुळात आपल्यातलाच, शिकवणारा.

शिकवायचे तर टाचणे काढावी लागतात. सरदेसाईंनीही काढली. एका विषयावर पाच-सहा इंग्रजी पुस्तके वाचायची, त्यांचा सारांश मराठीत लिहायचा. टाचणे वाढत गेली आणि त्यांच्या लक्षात आले की असा सलग इतिहास मराठीत नाहीच. त्या टाचणांतून 1898 मध्ये 'मुसलमानी रियासत' हे पुस्तक झाले. त्यानंतर मराठी रियासत, ब्रिटिश रियासत. मराठी रियासतीचे खंड तर तीसएक वर्षे निघत राहिले. लोक त्यांना 'रियासतकार' म्हणू लागले. आपली टाचणवही आपण वर्षअखेर सही करून कपाटात टाकतो. त्यांच्या टाचणवहीचे काय झाले ते पाहिले की जरा चुटपुट लागते.

पण एक अडचण होती. पुण्यात त्या काळी इतिहासाचे मोठमोठे अभ्यासक होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यावरची, कणग्यांतली दप्तरे धुंडाळत होते. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे हायस्कुलात संस्कृत शिकवता शिकवता पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे छापत होते. या मंडळींत एक विचार पक्का होता. आधी अस्सल कागद गोळा करा, छापा आणि मग इतिहास लिहा. त्यांच्या दृष्टीने सरदेसाईंचे काम म्हणजे पाया भरायच्या आधी भिंती उभारणे. टीका कडक होत असे. सरदेसाईंनी ती मनाला लावून लेखणी खाली ठेवली नाही. नवा कागद छापून आला की ते आपला खंड सुधारायला घेत. माझ्या मते दोन्ही पक्ष बरोबर होते. कागद नसतील तर इतिहास पोकळ होतो हे खरे, पण सगळे कागद मिळेपर्यंत थांबायचे ठरवले तर शाळेतल्या मुलाच्या हातात काय द्यायचे?

आता ज्या दप्तराबद्दल सांगायचे आहे तिकडे वळू.

1818 मध्ये पेशवाई बुडाली. पेशव्यांच्या कारभाराचे कागद इंग्रजांच्या हाती आले. (सगळे नाही. नाना फडणिसांचे दप्तर वाईजवळ मेणवलीला राहिले, आणखी किती घरांत किती राहिले याची गणती नाही.) इंग्रजांनी हे कागद का सांभाळले? इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. त्यांना सारा वसूल करायचा होता. कोणत्या गावाचा आकार किती, कोणती जमीन इनाम, कोणत्या देवस्थानाला किती नेमणूक, हे जुन्या कागदांवरूनच कळणार होते. पुढे इनाम कमिशन आले. 1852 च्या कायद्याने इनामदारांचे हक्क तपासायला सुरुवात झाली. तुमचे इनाम खरे की खोटे, याचा निकाल पुष्कळदा या दप्तरातल्या एखाद्या ओळीवर लागत असे. त्याच चौकशीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्याकडचे कागदही आणून जमा केले गेले. त्या विभागाला नावच 'जमाव' असे पडले.

तर असा हा साठा पुण्यात एका दगडी इमारतीत आला. ही इमारत 1891 ची. सरकारी नाव एलिएनेशन ऑफिस, लोकांच्या तोंडी पेशवे दप्तर. आत सुमारे 35 हजार रुमाल. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे हं! चौकोनी कापडात कागदांचा गठ्ठा घालून गाठ मारायची, त्याला रुमाल म्हणतात. एकेका रुमालात शेकडो कागद. बहुतेक मोडीत, काही फारसी आणि गुजराती, शिवाय इंग्रजी फायली वेगळ्या.

एवढे सगळे पुण्याच्या मध्यावर असूनही अभ्यासकांना तिथे मोकळेपणाने बसता येत नव्हते. कागदांवरून कुणी जुने हक्क उकरून काढेल, दावे लावेल, ही सरकारची धास्ती. शिवाय मराठ्यांचा इतिहास म्हणजे राजकारणाचा दारूगोळा, हीसुद्धा भीती होतीच. गणेश चिमणाजी वाड यांना रोजकीर्दींतून उतारे काढण्याची संधी मिळाली होती आणि त्या उताऱ्यांच्या आधारे न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 च्या सुमारास पेशव्यांच्या कारभारावर लिहिले. ते वगळता दार बंदच. ज्या राजवाड्यांनी कागदांसाठी आयुष्य झिजवले, ते 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्याला वारले. दार उघडले ते त्यानंतर.

सरदेसाई 1925 मध्ये बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाले. पुणे-मुंबई लोहमार्गावरचे कामशेत हे छोटे गाव त्यांनी राहायला निवडले. मुलाबाळांत, पुस्तकांत उतारवय घालवावे असा बेत असणार. पण त्याच वर्षी त्यांचा मुलगा श्यामकांत जर्मनीत वारला. श्यामकांत शांतिनिकेतनात शिकलेला, पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेलेला. दुसरा मुलगा त्याआधीच गेला होता. दोन्ही मुलगे गेले आणि नवरा-बायको कामशेतच्या घरात उरली. श्यामकांतची पत्रे त्यांनी पुढे पुस्तकरूपाने छापली. पालकांनी ते पुस्तक मिळाल्यास जरूर वाचावे. यापलीकडे या दुःखाबद्दल मी काही लिहीत नाही.

याच सुमारास एका मित्राचा आधार त्यांना फार झाला. बंगालचे इतिहासकार सर जदुनाथ सरकार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दोघांचा पत्रव्यवहार होता. एकाला फारसी उत्तम येई, दुसऱ्याला मराठी कागदांची जाण. औरंगजेबाचा इतिहास लिहिणाऱ्याला मराठ्यांचे कागद हवे होते आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्याला दिल्लीचे. ही मैत्री पन्नासहून अधिक वर्षे टिकली. जदुनाथ कामशेतला येऊन राहत, दोघे मिळून जुनी रणक्षेत्रे, किल्ले पाहायला जात. पेशवे दप्तर उघडून त्यातले निवडक कागद छापावेत, यासाठी जदुनाथांनी सरकारकडे आपले वजन खर्च केले, आणि हे काम सरदेसाईंकडे सोपवावे असेही त्यांनीच सुचवले.

1929 मध्ये काम सुरू झाले. सरदेसाई तेव्हा 64 वर्षांचे होते.

जरा कल्पना करा. मुदत मोजकी, पैसा मोजका. मदतीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मोडी जाणणारे साहाय्यक, त्यांत पुढे भाषाशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले कृ. पां. कुलकर्णीही होते. समोर 35 हजार रुमाल. एक रुमाल सोडायचा, धूळ झटकायची, कागद सुटे करायचे, मोडी वाचायची, कामाचा वाटला तर बाळबोधीत उतरवायचा, नाही तर पुन्हा गाठ मारायची. रोज एक रुमाल नीट वाचायचा म्हटला तरी एका माणसाला 95 वर्षे लागतील, हा हिशेब मुलांकडून करून घ्यायला हरकत नाही!

मोडी वाचता आली तरी काम संपत नाही. खरी डोकेफोड तारखेची. जुन्या पत्रांत पुष्कळदा फक्त 'छ' लिहून चंद्राचा दिवस आणि महिना असतो, छ म्हणजे चंद्र. महिना मुसलमानी, मोहरम, सफर, रबिलावल असा. वर्ष लिहिलेलेच नसते, कारण ज्याला पत्र गेले त्याला साल माहीत होते. मग मजकुरात कोणाचे नाव आले, कोणती स्वारी चालू आहे, कोण आजारी आहे, यावरून साल ठरवायचे. गुप्तहेराचेच काम ते.

वर्ष लिहिलेले असले तर ते बहुधा सुहूर सनात आणि तेही अरबी आकड्यांच्या नावांत. वर्गात करून पाहण्यासारखी ही गोष्ट आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. इहिदे म्हणजे 1, इसन्ने 2, सलास 3, अर्बा 4, खमस 5. सितैन म्हणजे 60, मया म्हणजे 100, अलफ म्हणजे 1000. आता एखाद्या कागदावर 'सन इहिदे सितैन मया व अलफ' असे आले. बेरीज करा: 1 आणि 60 आणि 100 आणि 1000, झाले 1161. सुहूर सन मृगाच्या सुमारास, म्हणजे जूनच्या आसपास बदलतो. जून ते डिसेंबरमधला कागद असेल तर 599 मिळवा, जानेवारी ते मे मधला असेल तर 600. म्हणजे हे वर्ष झाले 1760-61. पानिपतचे साल! फळ्यावर फक्त ते चार शब्द लिहा आणि मुलांनाच शोधू द्या. उत्तर निघेल तेव्हा वर्गात काय होते ते पाहा.

असे करत करत 1930 ते 1934 या काळात 'सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दफ्तर' या नावाने 45 खंड छापून निघाले. मजकूर मराठी, वर इंग्रजीत थोडक्यात सार. पहिला बाजीराव, नानासाहेब, पानिपत, माधवराव, राघोबादादा, सगळ्यांचे अस्सल कागद पहिल्यांदाच कुणालाही विकत घेता येतील अशा पुस्तकांत आले. जे बघायला परवानगी मिळत नव्हती ते आता वाचनालयात मिळू लागले.

टीका झाली का? झाली, आणि चांगलीच झाली. पुण्याच्या संशोधकांना वाटले, वर्षानुवर्षे आम्ही दार ठोठावत होतो आणि काम दिले ते कामशेतला राहणाऱ्या, बडोद्याहून आलेल्या माणसाला. शिवाय काम घाईचे. वाचनातल्या चुका, तारखांतल्या चुका पुढच्या अभ्यासकांनी दाखवल्या, त्या खऱ्याही होत्या. सरदेसाईंची बाजू अशी होती की सरकारची मर्जी आज आहे, उद्या असेल याचा भरवसा नाही. थोड्या चुका राहिल्या तरी कागद एकदा बाहेर आला की दुरुस्त करणारे भेटतात, बंद राहिला तर काहीच उरत नाही. मला ही बाजू पटते. बिनचूक काम करायचे म्हणून एकही खंड न निघणे हे फार महाग पडले असते.

माझी स्वतःची तक्रार वेगळीच आहे आणि ती आपल्या विषयाला लागून आहे. या 45 खंडांत राजकारण भरपूर आहे. स्वाऱ्या, तह, कर्ज, भाऊबंदकी. एक खंड सामाजिक आणि धार्मिक बाबींचाही आहे. पण गाव? गाव फार थोडे. त्या 35 हजार रुमालांत मोठा भाग हिशेबाचा आहे. प्रांत अजमास म्हणून जो विभाग आहे त्यात परगण्यांचे, तर्फांचे, गावांचे जमाखर्चाचे अंदाज आहेत, ताळेबंद आहेत, झाडे आहेत. पाऊस पडला नाही म्हणून सूट मागणारे अर्ज आहेत. ओस पडलेले गाव पुन्हा वसवायला रयतेला दिलेले कौल आहेत. पहिल्या वर्षी थोडा सारा, पुढे वर्षाला चढत जाणारा, त्याला इस्तावा म्हणत. पाटीलकीच्या भांडणांचे महजर आहेत, ज्यात गावचे बलुतेदार साक्षीला उभे राहतात आणि सहीऐवजी आपापल्या हत्याराची निशाणी करतात. पाटलाचा नांगर, सुताराची पटाशी.

सरदेसाईंनी हे का घेतले नाही? एक तर वेळ नव्हता. दुसरे, त्यांची नजर राज्याच्या इतिहासाकडे होती, त्या पिढीचीच तशी होती. पेशव्याचे पत्र आणि कुलकर्ण्याचा ताळेबंद यांत एकच निवडायचा तर त्यांनी पत्र निवडले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण परिणाम असा झाला की आपल्या मुलांच्या पुस्तकात पुणे, सातारा, पानिपत आले आणि मुलाचे स्वतःचे गाव रुमालातच राहिले.

ते कागद आजही पुण्यात आहेत. पुणे पुराभिलेखागार म्हणतात त्याला आता. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडे ते आहे. आज अभ्यासकाला अर्ज करून, ओळख पटवून तिथे बसता येते. ज्यासाठी राजवाड्यांच्या पिढीला झुरावे लागले, ते आपल्याला एका अर्जावर मिळते. अडचण एकच, मोडी. शाळांतून मोडी गेली आणि आपल्या पणजोबांची सही आपल्यालाच वाचता येईनाशी झाली. 2023 मध्ये राज्यभर जुन्या नोंदींत कुणबी नोंदी शोधायचे काम निघाले, तेव्हा तहसील कार्यालयांना मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली, हे आपण सगळ्यांनी पाहिले. जुना कागद काय कामाचा, असे म्हणणाऱ्यांचे घरसुद्धा त्या दिवसांत जुन्या कागदासाठी धावपळ करत होते.

आणि त्या वेळी आणखी कुठली कागदपत्रे तपासली गेली, आठवतंय ना? आपल्या शाळांची जनरल रजिस्टरे! मुख्याध्यापकांच्या कपाटात खालच्या कप्प्यात असते तेच. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळा शंभरी ओलांडलेल्या आहेत, त्यांच्या पहिल्या रजिस्टरात गावातली पहिली शिकलेली पिढी नावानिशी आहे. कोण कोणत्या वर्षी आला, कोणत्या इयत्तेतून गेला, शाळा का सोडली. एखाद्या साली एकदम पुष्कळ नावे कमी झालेली दिसली तर त्या साली गावात काय झाले असेल, साथ की दुष्काळ की धरण? मुलींचे पहिले नाव कोणत्या साली आले? यासाठी पुण्याला जावे लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. रजिस्टर मुलांच्या हातात देऊ नका, त्यात लोकांच्या जाती आणि जन्मतारखा आहेत. मुख्याध्यापकांच्या परवानगीने आपण वाचायचे आणि मुलांना आकडे, साले, कारणे एवढेच द्यायचे. नावे नकोत.

शाळेबाहेर तहसील कार्यालयातला अभिलेख कक्ष आहे. तिथे जुने फेरफार, पाहणीपत्रके, इनामाच्या नोंदी मिळतात. गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्याही तिथे असतात. भूमी अभिलेख कार्यालयात जुने नकाशे असतात. गावच्या जुन्या नकाशावर ओढा कुठून वाहत होता आणि आज कुठे आहे, हे पाहायला चौथीच्या मुलालाही मजा येते. अर्ज साध्या कागदावर करा, गावाचे नाव आणि अंदाजे साल लिहा, नकलेची फी भरा. एका फेरीत काम होईलच असे नाही. रियासतकारांचेही होत नव्हते.

सरदेसाई 45 खंड छापून झाल्यावरही थांबले नाहीत. पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटांचा पत्रव्यवहार छापण्याचे काम त्यांनी जदुनाथांच्या जोडीने हाती घेतले. नव्याने बाहेर आलेल्या कागदांमुळे आपल्याच जुन्या रियासतीतले पुष्कळ काही बदलावे लागणार, हे त्यांना दिसत होते. मग वयाच्या ऐंशीनंतर त्यांनी मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत नव्याने लिहिला. 'न्यू हिस्टरी ऑफ द मराठाज'चे तीन खंड 1946 ते 1948 मध्ये निघाले. ज्या वयात माणसे जुन्या कौतुकावर दिवस काढतात, त्या वयात हा गृहस्थ स्वतःचेच पुस्तक खोडत बसला होता. 1956 मध्ये 'माझी संसारयात्रा' हे आत्मचरित्र आले, 1957 मध्ये पद्मभूषण मिळाले. पुढच्या वर्षी जदुनाथ गेले. 29 नोव्हेंबर 1959 रोजी कामशेतला सरदेसाईंचे निधन झाले. तेव्हा ते 94 वर्षांचे होते.

पेशवे दप्तराचे 45 खंड जुन्या मोठ्या वाचनालयांत अजून मिळतात. मजकूर मोडीत नाही, बाळबोधीत आहे, म्हणजे आपल्याला सरळ वाचता येतो. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या वाचनालयात विचारून पाहा. मिळाला एखादा खंड तर आधी आपल्या परगण्याचे नाव कुठे येते का ते बघा आणि आले तर त्या पत्रावरची तारीख मुलांना वर दिलेल्या रीतीने काढायला द्या.